उन्हातली पाटी

चौथीच्या मुलांना आज प्रकाश शिकवला. सकाळपासून उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर ती खुशाल हात टेकत होती, पण शेजारच्या काळ्या पाटीला बोट लागताच "आई गं!" म्हणत मागे सरत होती.

मी चौथीत असताना हाच धडा गुरुजींनी मला वर्गापुढे उभं करून शिकवला होता. माझ्या तोंडावर बॅटरी मारून ते म्हणाले होते, "काळा रंग उजेड गिळतो. बघा, हिच्याकडून काही परत येतंय का?" वर्ग पोट धरून हसला होता.

गुरुजींचं विज्ञान चुकलं नव्हतं, अर्धवट होतं. पांढरा पुठ्ठा मिळालेलं तिथल्या तिथे देऊन मोकळा होतो. काळी पाटी सगळं आत ठेवून घेते आणि मुकाट्याने तापत राहते.

शाळा सुटल्यावर तेच गुरुजी नातीला न्यायला आले. त्यांनी मला ओळखलं नाही. मी पदराने धरून पाटी पुढे केली. "गुरुजी, जरा हात ठेवता?"

त्यांनी तळवा टेकवला आणि झटकन ओढून घेतला. "अहो बाई, भाजलं की!"

मी पाटी तशीच धरून विचारलं, "येतंय ना परत?"