वाळूजच्या गच्चीवर शिंपल्यांचा चुना

ताईचा फोन आला तेव्हा मी कोचीत एका तिमजली घराला रंग मारत झुल्यावर लटकलो होतो.

"तुझे दाजी नोकरी सोडायची म्हनतेत," ती म्हणाली.

दाजींना वाळूजला रात्रपाळी. दिवसा झोपावं तर डोक्यावर तापलेला स्लॅब, डोळा लागत नाही. मागच्या आठवड्यात मशीनवरच डुलकी आली, बोटं थोडक्यात वाचली. "सोयगावला परत जाऊ म्हनतेत. तिथं तरी यंदा काय पिकलंय?"

मी तिकीट काढलं. तसंही एका जागी बसणं मला जमत नाही, सातवीतच शाळेला कंटाळलो होतो.

गच्ची पांढरी केली की स्लॅब कमी तापतो, म्हणून सोबत घेतली शिंपल्यांच्या चुन्याची बादली. रंग पांढरा दिसतो तो टायटॅनियमच्या पुडीमुळं. इथं खाली कोल्लमकडं किनाऱ्यावर काळी रेती खणतात, तिच्यापासून ती पांढरी पूड होते. ही पूड टाळून पांढरं कसं मारायचं, हाच आमच्या मेस्त्रीचा ध्यास. इकडं लोक शिंपल्यातलं मांस खातात, टरफलांचे ढीग पडून राहतात. ते भट्टीत भाजायचे, पाण्यात विझवायचे, झाला चुना. भट्टीचा धूर होतोच, पण जमीन खणावी लागत नाही.

गाडीत बादली बर्थखाली सरकवली. समोरच्या काकूंनी विचारलं, "पेढे का?" झाकणाला चिकटपट्टी मात्र मारा, नाहीतर सगळा डबा पांढरा होईल. कोकणात खिडकीबाहेर हिरवंगार, मनमाडला गाडी बदलली की नुसतं मातकट. तिथून दोन-अडीच तासांत संभाजीनगर.

सकाळी ब्रशसाठी औरंगपुऱ्यात गेलो. शेअर रिक्षा धरा, दुचाकी लावायला जागा मिळत नाही. दुकानातले चाचा म्हणाले, "चूना है ना? पतला मारो मियाँ. गीला दिखताच नहीं. सूखने दो, फिर देखो."

मनात म्हटलं, सहा वर्षं भिंती रंगवतोय, मला शिकवतात! नान-खलिया हाणला (तुम्हीही सोडू नका) आणि वाळूज गाठलं.

ताईच्या गच्चीवरून चहूकडं नवे स्लॅब दिसतात. दोन वर्षांपूर्वी इथं ज्वारी होती. घरं वाढली, पाणी तेवढंच. नळ आठवड्यातून एकदा. ताईनं दोन ड्रम भरून ठेवलेले, त्यातला एक मला दिला.

स्लॅब भिजवला, पहिला हात मारला. खालचं काळं तसंच! चढत नाही म्हणून दाट केला. तिसरा हात तर पिठल्याएवढा घट्ट.

सकाळी दाजी पाळीवरून आले, वर डोकावले. "पाव्हणं, पापड वाळत घातलेत व्हय?"

चुना वाळून लख्ख पांढरा झाला होता, आणि तडकून खपल्या खपल्यांनी सुटला होता. आपला डब्यातला रंग ओला असतानाच खालचं झाकतो. चुना वाळल्यावरच दिसतो. चाचांनी हेच सांगितलं होतं.

ताई हसली नाही. "किश्या, ड्रम संपला की रं."

खाली मान घालून खपल्या खरवडल्या. बादलीत तिसरा हिस्सा चुना उरला होता. ताईनं दुसऱ्या ड्रमचं झाकण काढलं. "कपडे पुढच्या नळाला धुवू. पन आता मी सांगंन तवाच हात मारायचा." ताकासारखा पातळ कालवला. पहाटे एक हात, संध्याकाळी एक. मधल्या वेळात ब्रश ताईच्या मांडीवर. मी जिन्यात येरझाऱ्या घालायचो, ती म्हणायची, "बस की जरा!"

तिसऱ्या दिवशी भर दुपारी गच्चीवर अनवाणी उभं राहता आलं. पावसात धुपेल, दरवर्षी मारावा लागेल, हे ताईला सांगून ठेवलं.

निघताना दाजी म्हणाले, "आठ दिस बघतो. राजीनामा लिहून ठिवलाय."

कोचीला आलो. आठ दिवस फोन करायचा धीर झाला नाही. नवव्या दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत लावला.

"काय रं," ताई कुजबुजली, "ह्या टायमाला फोन करत असत्यात व्हय? झोपलेत ते." आणि कट केला.

मेस्त्रीनं सकाळी चुना मारायला एक भिंत मला दिली होती. पहिला हात मारून झाला होता, ओली भिंत अजून काळीच दिसत होती. मी ब्रश बादलीवर आडवा ठेवला आणि बसून राहिलो.