माझं बोट आणि दहा मडकी

दहाही मडक्यांत दूधच होतं. एकेक झाकण निघत गेलं तसं नातीचं तोंड उतरत गेलं. प्रदर्शन तासाभरावर आलेलं आणि मागे ठळक अक्षरांत तक्ता: 'आजीचं दही: घरगुती विरजणाचा अभ्यास'. आजी नऊवारी नेसून हजर. दह्याचा पत्ता नाही.

विरजण मीच लावलं होतं, आदल्या दुपारी, वाघोलीला तिच्या कॉलेजच्या लॅबमध्ये.

नात तेव्हा पहिल्या वर्षाला होती. बिबवेवाडीहून बस बदलत जायची, तास संपले की परत. मैत्रीण एक नाही. मी म्हटलं, "गप्प बसायला घर आहे की. त्याला फी कशाला?" माझी शाळा चौथीत सुटली. त्याचं रडगाणं मी गात नाही, पण दार उघडं असताना कुणी उंबऱ्यात बसलं की मला राग येतो. शेवटी ती विज्ञान मंडळात गेली, तीन मुली जमवल्या आणि हा प्रोजेक्ट घेतला. घरी यायला उशीर होऊ लागला, तसा माझा मुलगा कुरकुरायला लागला. "प्रदर्शनात काही जमलं नाही, तर मंडळ बंद. तास संपला की घर," त्याने सांगून टाकलं.

मुलींचा नियम असा, की पद्धत आजीची, जशीच्या तशी, उपकरण वापरायचं नाही. माझी पद्धत सोपी. दूध उकळायचं, बोट बुडवायचं, सोसलं की विरजण लावायचं.

"आजी, नेहमीसारखंच केलंस ना?" नात रडवेली झाली.

"नाही, आज मुद्दाम बिघडवलं."

तेवढ्यात त्यांच्या मॅडम आल्या. त्यांनी मडक्यांत डोकावून पाहिलं. "आजी, आपण पुन्हा करून दाखवाल? बोटाशेजारी फक्त थर्मामीटर ठेवू."

दूध उकळून उतरवलं. थोड्या वेळाने मी बोट घातलं. "झालं. लावा."

थर्मामीटरवर अठ्ठावन्न. एका मुलीने खात्री करायला बोट घातलं आणि किंचाळली. चाळीस वर्षं मी लोकांच्या घरी पोळ्या केल्या. बोटांना काय कळणार!

"एवढ्या गरम दुधात विरजण मरतं, आजी," मॅडम म्हणाल्या.

"मग घरी पन्नास वर्षं कसं लागतंय?"

उत्तर नातीने दिलं. "घरी तू दूध उतरवून आधी पूजा करतेस. मग कुंड्यांना पाणी. मग बोट."

म्हणजे दूध निवायचं पूजेत, आणि शहाणपण बोटाचं! मी मोठ्याने हसले. मग मुलीही हसल्या, आणि नातीने तक्ता उलटा करून मागे लिहिलं: 'आजीचं दही का लागलं नाही?'

दुपारपर्यंत आमच्या टेबलापुढे रांग लागली. प्रत्येकाने निवत्या दुधात बोट घालायचं, सोसेल तो आकडा नातीने लिहायचा. वर्गात तोंड न उघडणारी ही पोरगी ओरडत होती, "ढकलू नका, सगळ्यांची बोटं घेणार आहे!"

मुलगा खराडीच्या ऑफिसातून आला. त्याने बोट घातलं आणि हात झटकला. "आई गं!"

दुसऱ्यांदा बोट टिकलं. "पंचेचाळीस," नातीने लिहिलं. "बाबा, आजीचं अठ्ठावन्न आहे."

रांगेतली पोरं टाळ्या पिटायला लागली. तो बोटावर फुंकर मारत राहिला. बक्षीस यंत्रमानववाल्यांना मिळालं. मॅडमनी मात्र नातीला दर शनिवारी लॅबमध्ये बोलावलं. तिने बापाकडे पाहिलं.

"किती वाजता सुटणार?" त्याने विचारलं. "न्यायला येतो."

आता ती तिसऱ्या वर्षाला आहे, मंडळ तीच चालवते आणि घरी जेवायला सापडत नाही. मी अजूनही बोटच घालते, पूजा झाल्यावर. त्या दिवशी दहा मडक्यांतलं विरजण मेलं. घरच्या फ्रिजमधलं वाटीभर वाचलं, नातीचं मंडळ वाचलं आणि माझं नाक.