फायनल म्हणजे किती फायनल

शाडूच्या मातीचं एक असतं. घरी जाऊन कितीही अंग झटका, दुसऱ्या दिवशी कानामागून, ओढणीच्या काठातून, डब्याच्या झाकणातून ती थोडी थोडी निघतच राहते. आमच्या गणपतीच्या कारखान्यातले किस्से तसेच आहेत. मैत्रिणींना एक सांगायला बसावं तर त्याच्या मागून दुसरा निघतो. आणि बहुतेक प्रत्येकाला एक शब्द चिकटलेला असतो. फायनल!

कॉलेजात असताना हा शब्द मला कळत होता. फायनल इयर, फायनल एक्झाम. झालं की झालं. बी.कॉम. करून थळच्या अलीकडे भाऊंच्या कारखान्यात ऑर्डरी घ्यायला लागले, आणि मला ह्या शब्दाची धास्तीच बसली. तशी मला बऱ्याच गोष्टींची बसते. मंगेशदादा रंगारी आहे, त्याने स्प्रेची गन सुरू केली की मी अजूनही दचकते. "फुस्स होतं नुसतं, त्यात काय घाबरायचं, मॅडम?" असं तो रोज विचारतो.

पहिल्या दिवशी मी भाऊंना विचारलं, "मग माझी नोकरी फायनल ना?"

"हो, फायनल."

"म्हणजे कायम?"

"कायमचं गणपतीनंतर बघू. आत्ता नुसतं फायनल."

त्याचं कारण होतं. मागच्या वर्षी ऑर्डरींचा घोळ होऊन काही मूर्ती फळीवरच राहिल्या होत्या. भाऊंना ते फार लागलं होतं. डोळे उघडलेला देव घरी न जाता फळीवर बसून राहिला, म्हणजे पाहुणा दारातच उभा ठेवला, असं त्यांचं म्हणणं. "ह्या वर्षी एक जरी मागे राहिला ना, तर आपलं काही जमायचं नाही," ते म्हणाले.

आता इकडे नाही जमलं तर मुंबईत आत्या टपलेलीच होती. तिच्या ओळखीने कुठल्याशा ऑफिसात फोन घ्यायचे. दिवसभर अनोळखी फोन! घरी येऊन आईला सांगून टाकलं, "फायनल झालं." खोटं नव्हतंच ते.

*

आमच्याकडे खरी फायनल गोष्ट एकच. आखणी, म्हणजे देवाचे डोळे काढणं. ते काम भाऊंच्या बायकोचं, काकींचं. सकाळी अंघोळ करून, एक शब्द न बोलता त्या डोळे काढतात. डोळे उघडले की मग मूर्तीला ब्रश लावायचा नाही. आणि तिच्यासमोर घासाघीस तर मुळीच करायची नाही. "देव ऐकतोय! चला बाहेर!" काकी ओरडतात.

गिऱ्हाईकाला भावाबद्दल बोलायचं असेल तर भाऊ त्याला घेऊन अंगणात जातात. बाहेर श्रावणातला पाऊस. भाऊंकडे छत्री असते.

एकदा मी म्हटलं, "भाऊ, अजून एक छत्री ठेवू या का? लोक भिजतात."

भाऊ दचकून माझ्याकडे बघायला लागले. कारखान्यात मी सोडून कुणी दचकलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"दुसरी छत्री आली," ते म्हणाले, "तर भाव फायनल कसा व्हायचा?"

*

अलिबागच्या बाजूचे एक रिटायर्ड गुरुजी आहेत. जूनमध्ये आले आणि मूर्ती निवडली. "पीतांबर पिवळा. फायनल."

आठवड्याने फोन. "मिसेस म्हणतात डाळिंबी."

मंगेशदादाने डाळिंबी मारला. पुन्हा फोन. "सूनबाई म्हणते मोरपंखी. तिचा पहिला गणपती आहे हो, तिला नाही कसं म्हणायचं?"

मोरपंखी मारला. मग गुरुजी स्वतःच आले, मूर्तीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "पिवळाच बरा होता, नाही का?"

मी मंगेशदादाकडे बघायचं टाळलं. तो गन खाली ठेवून शांतपणे म्हणाला, "गुरुजी, पिवळा हाय ना. मिसेसबाईंच्या आतमधी."

गुरुजींनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, "मग ठीक आहे. आमच्या घरी तसंच असतं."

*

मंगेशदादाची फायनल वेगळी. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत इकडे गावोगाव किनाऱ्यावर क्रिकेटच्या टुर्नामेंट असतात आणि प्रत्येक टुर्नामेंटला फायनल असते. त्यामुळे दर सोमवारी मंगेशदादा उशिरा.

"काल फायनल होती, भाऊ."

"मागच्या सोमवारीही फायनल होती!"

"ती सेमी फायनलची फायनल होती."

एका सोमवारी तो आलाच नाही. इकडे साच्यातून काढलेल्या मूर्ती अस्तराचा पांढरा हात मारायच्या थांबलेल्या. भाऊ संतापले. मला म्हणाले, "लाव फोन. स्पीकरवर टाक. आज त्याचा निकालच लावतो."

मी फोन लावला.

"भाऊ, फायनल अर्धी राहिली ना!" पलीकडून वाऱ्याचा आवाज. "आमची बॅटिंग झाली आणि भरती आली. पिचवर पाणी. आता दुसरी बॅटिंग ओहोटीला."

मला वाटलं, आता काही खरं नाही. भाऊंनी भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघितली. मनातल्या मनात हिशोब केला.

"अरे मग दुपारनंतर पाणी उतरेल. एवढ्यात घाई करू नका, वाळू ओली असते, चेंडू उसळत नाही."

आणि फोन ठेवून मला म्हणाले, "आज त्याची सुट्टी मांड. कारण योग्य आहे."

*

दुबईला असलेलं आमच्याच बाजूचं एक जोडपं दरवर्षी गावच्या घरासाठी व्हिडिओ कॉलवर मूर्ती ठरवतं. मी फोन हातात धरून मूर्तीभोवती फिरते. ह्या वर्षी मूर्ती लगेच पसंत पडली. अडलं उंदरावर.

ते म्हणाले, "उंदराने देवाकडे बघायला पाहिजे. भक्ती दिसते."

त्या म्हणाल्या, "अहो, फोटोत पाठमोरा येईल. त्याने पुढे बघायचं."

"देवाकडे!"

"पुढे!"

माझा हात दुखायला लागला. मी घाबरत विचारलं, "मग उंदराचं फायनल काय?"

"तुम्हाला कळवतो," असं दोघेही एकदम म्हणाले आणि कॉल कट.

आठवडा गेला. गणपतीचे डोळे उघडले, उंदीर आंधळाच. काकी रोज विचारायच्या, "काही कळवलंनी?" मी रोज मान हलवायचे. शेवटी तिकडून मेसेज आला: 'तुम्हीच बघा, पण दोघांचंही मन राखा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून काकी बसल्या. न बोलता ब्रश उचलला. दोनच ठिपके. मग बाजूला झाल्या.

उंदराचा एक डोळा देवाकडे होता आणि एक थेट कॅमेऱ्याकडे!

मी फोटो पाठवला आणि डोळे मिटून बसले. फोन वाजला तशी दोन इंच उडाले. दुबईहून वहिनींचा मेसेज होता: 'बघा! मी ह्यांना म्हटलंच होतं, पुढेच बघणार.' पाठोपाठ त्यांच्या मिस्टरांचा: 'भक्ती छान आली आहे.'

*

आता हा माझा स्वतःचा.

एक दिवस दोन बायका आणि एक उंच मुलगा कारखान्यात आले. मूर्ती बघायला, असं म्हणाले. मोठ्या बाई माझ्याकडे बघत बोलायच्या आणि मूर्तीकडे नुसतीच मान हलवायच्या.

"शिक्षण किती?"

मला वाटलं, भाऊंचं विचारतायत. "जुनी मॅट्रिक," मी म्हटलं.

बाईंचा चेहरा पडला. "आम्हाला ग्रॅज्युएट सांगितलं होतं."

गिऱ्हाईक मूर्तिकाराची डिग्री विचारायला लागलं की काय! मी घाईघाईने सांगितलं, "पण हात फार चांगला आहे हो! वय सत्तरीला आलं तरी हात हलत नाही."

मुलगा खोकत खोकत बाहेर गेला. काकींनी आतून येऊन सगळं सावरलं. मंडळी मला बघायला आली होती. आईनेच परस्पर धाडलेली, मी घाबरीन म्हणून मला न सांगता! पुढचं सगळं बोलणं मी नेहमीप्रमाणे केलं, कारण दुसरं काही मला येतच नाही. शाडू किती दिवसात वाळते, सोंड कुठल्या बाजूला हवी, पाट कधी आणून द्यायचा. बाई हळूहळू मूर्तींकडे बघायला लागल्या.

घरी गेले तर आई दारातच उभी. "काय झालं? फायनल?"

"फायनल," मी म्हटलं. "दीड फुटी. डाव्या सोंडेची."

*

आणि हा हरतालिकेच्या दुपारचा.

उद्या चतुर्थी. सकाळपासून लोक पाट, रुमाल, झांजा घेऊन येत होते आणि फळ्या रिकाम्या होत होत्या. भाऊ दारात उभे राहून प्रत्येक मूर्तीला हात जोडत होते आणि अधूनमधून वळून माझ्याकडे बघत होते. दुपारपर्यंत चारच उरल्या. तीन मूर्तींवर म्हात्रे अशी चिठ्ठी, चौथीवर 'माणगाव'. ही माणगावच्या एका बाईंनी फोनवर सांगितलेली. "माहेरी द्यायची आहे, तिकडचं कुणीतरी येऊन नेईल," असं म्हणाल्या होत्या. कुणीतरी आलेलं नव्हतं आणि बाईंचा फोन लागत नव्हता.

म्हात्रे मात्र एकदम आले. एक टेम्पोतून, एक रिक्षातून, एक मोटरसायकलवरून. तिघे रेवसच्या बाजूचे. तिघांनी एकमेकांना बघितलं आणि तिघांनीही तोंडं फिरवली.

काकी माझ्या कानाशी म्हणाल्या, "अगो, हे तिघे सख्खे भाऊ!"

आमच्याकडे म्हात्रे इतके, की आडनाव सारखं असल्याचं कुणाच्या मनातच येत नाही. वाडीच्या कुंपणावरून तिघांचं बोलणं बंद होतं. बाकीचे दोघे आणणार नाहीत असं प्रत्येकाने धरलं, आणि आईच्या घरचा एकच गणपती तिघांनी वेगवेगळा फायनल केला.

"मी थोरला. माझाच जाणार," टेम्पोवाले म्हणाले. हे ते मधल्याला न सांगता आमच्या भाऊंना सांगत होते.

"ह्यांना सांगा, आईला मी सांभाळतो," मधले मला म्हणाले.

"ह्या दोघांना सांगा, ऑर्डर पहिली माझी!" धाकटे मंगेशदादाला म्हणाले.

"तुमीच सांगा ना, हितंच तर हायेत!" मंगेशदादा म्हणाला.

"बाहेर चला! देव ऐकतोय!" काकी ओरडल्या. तिघे अंगणात गेले, तीन कोपऱ्यांत उभे राहिले. भाऊंनी छत्री उघडलीच नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. एक गेला तर दोन मागे राहणार. तिन्ही वेगवेगळे गेले तर फळी रिकामी होईल, पण त्या घराचे तीन तुकडे होणार. आणि ते माझ्या हातच्या चिठ्ठ्यांनी! आत्याचं ऑफिस मला समोर दिसायला लागलं. तरी मी म्हटलं, "भाऊ, त्यांच्या आईला बोलवू या का?"

बोलवायची गरजच पडली नाही. तिला कुणीतरी कळवलं होतं. आणखी एक रिक्षा आली, त्यातून बारीकशी म्हातारी उतरली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मुलांकडे न बघता सरळ आत आली. तिन्ही मूर्तींसमोर उभी राहून हात जोडले. मग वळून दाराबाहेर बघत म्हणाली,

"मी तीन पोरगे जन्माला घातले. येकाला तरी परत धाडला का?"

तिघे कोपरे सोडून दारापर्यंत आले.

"मंग देवाला कसा धाडू? उचला. तिन्ही येकाच टेम्पोत घाला."

थोरल्याने पहिला उचलला, दुसऱ्याला मधल्याने हात लावला, तिसरा जड होता म्हणून धाकट्याला दोघांची मदत लागली. "सोंडेला सांभाळ," थोरला म्हणाला. बऱ्याच महिन्यांनी तो भावाशी बोलला असावा.

मला हसू यायला लागलं होतं, तेवढ्यात फळीवर नजर गेली. माणगावचा एकटा बसला होता. भाऊही तिकडेच बघत होते.

म्हातारी रिक्षात एक पाय ठेवून थांबली. "तीन झाले. चवथा कुठं हाय?"

मी दचकले. "चौथा?"

"पोरीचा गो! माणगावच्या. काल फोन आयला तिचा, 'आये, भावांवर भरवसा न्हाय, मी फायनल केलाय.'"

मी धावत जाऊन चिठ्ठी काढली. मंगेशदादाने मूर्ती उचलली. भाऊंनी रिकाम्या फळीवरून एकदा हात फिरवला, हाताला लागलेली माती बघितली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सण झाला की दहाला नको. नऊला येत जा."

बाहेर थोरला टेम्पोच्या मागे कमरेवर हात ठेवून उभा होता. "आये, चार देव? घरात जागा कुठं हाय?"

म्हातारी रिक्षात नीट बसली, पदर सावरला.

"देवांना हाय," ती म्हणाली. "तुमचा तुमी बघा."