अकबर मिस्त्रीचं गार फुंकणारं मशीन

अकबर मिस्त्री बोलायला लागला की गल्लीतल्या बायका हातातली भांडी खाली ठेवतात. वय चोपन्न, मिशा पांढऱ्या, पण ऐट अशी की पान्यालासुद्धा तेल लावून भांग पाडत असेल. बावीस वर्षं त्याने विंचूरला एका वायनरीत द्राक्षरसाच्या टाक्या गार ठेवणारी यंत्रं सांभाळली. यंदा श्रावणात नोकरी सोडली आणि नाशिकरोडच्या घरावर स्वतःची पाटी लावली : 'गरम पाण्याची सर्व कामे'.

"जन्मभर गार केलंस, आता गरम करणार?" समोरच्या धनराजने टपरीवर चारचौघांत विचारलं.

"काम एकच आहे, धनराजशेठ. तिकडे रसातली ऊब काढून बाहेर फेकायचो, इकडे हवेतली काढून पाण्यात घालायची. हीट पंप म्हणतात त्याला."

"हवेत ऊब? नाशिकच्या थंडीत?"

"मग तू तासभर उघड्यावर बसलायस, गोठला का नाहीस?"

टपरीवर अकबरची सरशी झाली. घरी बायकोपुढे मात्र नेहमीसारखा मार खाल्ला. "पाटीवर चिमण्या रोज येतात," माजिदा म्हणाली, "गिऱ्हाईक कधी येणार?"

पहिलं गिऱ्हाईक आलं ते शेजारची कुसाबाई. एकाहत्तर वर्षांची, आवाज तीन घरं ओलांडणारा. तिच्या जुन्या घराच्या मागच्या पडवीत पितळी बंब, त्याला जोडलेल्या नळांतून दोन न्हाणीघरांत पाणी. जळण म्हणून भावाच्या मळ्यातल्या द्राक्षांच्या छाटणीच्या काड्या. धुराने म्हातारीला खोकला लागला, म्हणून सून योगिनीने मशीनचा हट्ट धरला होता.

"बंब हलायचा नाय," कुसाबाईने आधीच बजावलं.

"मावशी, बंबाला कोण हात लावतोय? मशीन पाणी तापवून टाकीत ठेवेल, टाकीतून ते बंबातून नळाला जाईल. कधी कमी पडलं तर दोन काड्या सारायच्या."

"आणि दिवाळीत? पहिल्या आंघोळीला घरात चौदा माणसं असतात. एकाच्याही अंगावर गार पाणी पडलं तर?"

"तर मशीन उचलून नेईन. पाटीपण उतरवेन!"

हे बोलताना धनराज कुंपणाशी उभा आहे, हे त्याने पाहायला हवं होतं. संध्याकाळपर्यंत पैज अख्ख्या गल्लीला पाठ झाली.

मशीन बसलं आणि आठ दिवस चोख चाललं. अकबर इतका निर्धास्त की हात लावला तर नळ किती चटका देतो, ते वाटेत भेटेल त्याला सांगे.

नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला योगिनीचा फोन आला. "अकबरभाई, पाणी कोमट आहे."

माजिदा उठून बसली. "जा. आणि येताना शिडी घेऊन या, पाटी काढायला लागेल."

अकबर पोचला तेव्हा अंगाला उटणं लावून पाहुणे रांगेत कुडकुडत होते. धनराज तर स्वतःची आंघोळ सोडून आला होता. अकबर सरळ मागे गेला आणि थबकला. मशीनला चहूबाजूंनी जाड गोधडी गुंडाळलेली, वर नाडीची गाठसुद्धा.

त्याला क्षणात उमगलं. हवेतली ऊब ओढून घेतल्यावर मशीन गार वारा सोडतं, थेंब थेंब पाणीही टाकतं. म्हातारीने ते थरथरणारं, गळणारं धूड पाहिलं आणि त्याला हीव भरलं असं समजून पांघरूण घातलं. वारा अडला, मशीन बंद पडलं. रात्री पाहुण्यांनी हातपाय धुऊन टाकी रिकामी केली होती, ती गार पाण्याने भरली आणि जेमतेम कोमट होऊन राहिली.

दारात कुसाबाई उभी होती. तोंड एवढंसं झालेलं. अकबरच्या ओठांवर आलेलं वाक्य गल्लीला महिनाभर पुरलं असतं. त्याने ते गिळलं, गोधडी काढून घडी केली, काखेत मारली आणि बंबात काड्या सारल्या.

"काय बिघडलं?" धनराज मान लांब करून म्हणाला.

"वाऱ्याची वाट अडली होती. पाणी अर्धं तापलेलंच आहे. बंब उरलेलं करील, तोवर मशीनही जोर धरेल. पहिल्याला पाठवा दहा मिनिटांत!"

दहाव्या मिनिटाला न्हाणीतून पहिला पाहुणा ओरडला, "अहो, भाजतंय! गार घाला!"

अकबरने फक्त मिशीवर हात फिरवला. चौदाही आंघोळी उजाडायच्या आत उरकल्या.

मग कुसाबाईला राहवलं नाही. "गोधडी मी घातली होती!" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझी चूक. पण बंब ठेवायला पण मीच सांगितलं होतं, ते ध्यानात ठेवा!"

"मावशी, या मशीनला मिळाली एवढी माया मला बावीस वर्षांत मुकादमाने दाखवली नाही," अकबर म्हणाला. हसण्याने पडवी दणाणली. कुसाबाईने त्याला पाटावर बसवून पहिलं फराळाचं ताट त्याच्यापुढे ठेवलं.

ताट संपेपर्यंत धनराज घुटमळत राहिला. शेवटी खाली बघत पुटपुटला, "आमच्याकडेही एकदा बघून जा."

अकबर काही बोलायच्या आत कुसाबाई कडाडली, "आधी तुझ्या आईच्या गोधड्या कुलपात घाल!"