ठवरेंच्या मशीनचा आवाज

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या भानगडी ठाऊक आहेत — ही एक सोडून. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक.

खराडीतल्या एका ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळतो. कुणाचा प्रिंटर रुसला, कुणाचं नेट गेलं, की मला हाक. पोरं कामाच्या वेळात गाणी लावायची, मॅच बघायची. आमच्या मॅडम अस्सल पुणेरी. म्हणाल्या, "अहो, हे ऑफिस आहे की ऑर्केस्ट्रा? सगळ्यांचे आवाज बंद करा. ठवरेंचं मशीन तेवढं सोडून."

ठवरेंना दिसत नव्हतं. भंडाऱ्याकडचे, ग्राहकांच्या ईमेलना उत्तरं लिहायचे. नोकरीत अजून कायम व्हायचे होते. त्यांच्या मशीनवर एक प्रोग्रॅम होता, पडद्यावरचं सगळं कानात वाचून दाखवणारा — इतक्या भरभर, की दुसऱ्याला ती नुसती किरकिर वाटावी. आवाज गेला, तर त्यांच्यापुढे उरतं काय? एक डबा.

विंडोज सुरू व्हायच्या आधी मशीनच्या मूळ सेटिंगचा एक पडदा उघडता येतो. तिथं जाऊन मी एकेकाचं साउंड कार्ड बंद करत गेलो, कुणी परत चालू करू नये म्हणून पासवर्डही टाकला. रांगेनं, फोनवर गप्पा मारत. ठवरेंचं सोडायचं राहिलं. चूक होते माणसाकडून. तेवढीच असती, तर आज हे सांगत बसलो नसतो.

सकाळी ठवरेंची हाक आली. "भाऊ, आवाजच येऊन नाही राहिला."

मशीनला साउंड कार्ड सापडतच नव्हतं. मी ड्रायव्हर पुन्हा टाकला, वायरी काढून लावल्या — आणि हात चालू असतानाच डोक्यात उजेड पडला. तेवढ्यात मॅडम येऊन उभ्या राहिल्या. आधीच्या एका गोंधळावरून त्यांनी मला बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर दुसरी नोकरी बघा. "यांचंही बंद केलं नाहीत ना?" त्यांनी विचारलं. "छे, यांचं सोडलं होतं," मी म्हणालो. तोंडातून गेलंच ते.

ठवरे म्हणाले, "त्या मूळ सेटिंगमध्ये कार्ड बंद तर नाही ना झालं? तिथं माझा प्रोग्रॅम बोलत नाही. तुम्ही तेवढं पाहून सांगा ना, भाऊ."

मशीन पुन्हा सुरू केलं. पासवर्ड टाकला. मॅडम स्वतःच्या मोबाईलमध्ये बघत होत्या. समोर लिहिलं होतं — डिसेबल्ड. एक बटण दाबायचं होतं. मी म्हणालो, "चालू आहे हो. मशीनच्या आतला बोर्डच गेलाय बहुतेक."

"मग ठीक आहे. तुम्ही पाहिलं म्हणजे झालं," ठवरे म्हणाले.

नंतर गुपचूप चालू का केलं नाही? विचारा, मीही विचारतो. मेलेला बोर्ड आपोआप बोलायला लागला असता, तर मॅडमनी मला सोडलं असतं? नवीन बोर्डाची मागणी वरच्या परवानगीत अडकली. प्रोग्रॅमचा परवाना त्याच मशीनपुरता, म्हणून दुसरं मशीनही देता येईना. यूएसबीत लावायचा वेगळा हेडफोन चालला असता, पण माहिती बाहेर जाऊ नये म्हणून आमच्याकडे यूएसबी बंद. ते बंद करणाराही मीच.

ठवरे रोज वेळेवर यायचे. शेजारची मुलगी जमेल तेव्हा ईमेल वाचून दाखवायची, एरवी ते हात मांडीवर ठेवून बसून असायचे. मी त्या रांगेतून जायचं टाळायचो. गेलोच कधी, तर पावलांवरून ओळखायचे. "काय भाऊ, आलं का काही?" आणि मी — "येईल हो, येईल." लाज वाटायची का? वाटायची. पण नोकरीची भीती जास्त वाटायची.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "अशा माणसांचं आपल्याला नाही झेपत." ठवरेंना कायम केलं नाही. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुम्ही लई धडपड केली माझ्यासाठी," म्हणाले. मी हात सोडवून घेतला नाही. त्यांच्यानंतर आमच्याकडे कुणा दृष्टिहीन माणसाला मुलाखतीलाही बोलावलेलं मी पाहिलं नाही.

मग ते मशीन दुसऱ्याला द्यायचं ठरलं. मी मूळ सेटिंगमध्ये गेलो, कार्ड चालू केलं, ठवरेंचा हेडफोन कानाला लावला. प्रोग्रॅम तिथंच होता. त्यांच्या वेगानं बोलायला लागला, मला एक शब्द कळेना. मी वेग कमी केला, आणखी कमी केला. मग कळलं.

पडद्यावर जे लिहिलं होतं, तेवढंच तो सांगत होता.