काचेला रंग किती

आमचा चांदा जिल्हा छप्पन साली मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्याची ही गोष्ट. तेव्हा मी मूल गावी राहायचो आणि मूल ते गडचिरोली अशा खेपा मारायचो. गाडी लढाईच्या आधीची, काळी, लांबलचक, विलायती. मूळची ती एका मालगुजाराची, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदाराची, आणि मी त्यांचा ड्रायव्हर. कायद्यानं मालगुजारी गेली तशी त्यांनी मोटर ठेवणं सोडलं, आणि अकरा वर्षं जी गाडी मी रोज धुतली ती माझ्याच हवाली केली.

माझं गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं होतं. एक म्हणजे खेड्यापाड्यातले धानवाले शेतकरी, सातआठ जण मांडीला मांडी लावून बसणारे. दुसरे गावातले मुसलमान व्यापारी. घरच्या बायकांना स्टेशनावर किंवा चांद्याच्या दवाखान्यात न्यायचं असलं की त्यांना अख्खी गाडी लागायची, आणि ती बंद लागायची. मालगुजाराच्या वेळचे मागच्या दारांचे पडदे केव्हाच विरून गेले होते. मग कोणी खिडकीत चादर अडकवायचं, ती वाऱ्यानं सुटायची, आणि पुढं बसलेल्या घरधन्याचा सगळा रस्ता मागं वळून वळून बघण्यात जायचा. एका वयस्कर व्यापाऱ्यानं मला सरळच सांगितलं की काचा काळ्या करून घे, नाहीतर आम्ही चांद्याहून दुसरी मोटर बोलावू.

आणि मला स्वतःलाही हौस होती, ते लपवण्यात अर्थ नाही. नागपूरला एकदा निळ्या काचांची गाडी पाहिली होती. दुपारच्या उन्हात ती पाण्यातून काढल्यासारखी दिसत होती. माझी म्हातारी गाडी तशी दिसावी, असं मला फार वाटायचं.

चांद्यात फोटोंना चौकटी करणारे एक चाचा होते. हिऱ्याच्या कलमानं काच अशी कापत की तुकडा हातात आल्यावरच कळावं. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाले, मागच्या दोन दारांना हलक्या रंगाची काच बसवू, पण पाठीमागची खिडकी आणि पुढची काच यांना हात लावू नकोस. पासिंगचा साहेब या वर्षी नवा येणार आहे, राज्यच नवं झालंय. ड्रायव्हरला चारी बाजूंचं दिसलं पाहिजे, एवढं तरी तो बघेलच.

मी विचारलं, हलक्या रंगाच्या काचेतून बाई दिसणार नाही का? ते म्हणाले, बाई आहे एवढं दिसेल, कोण आहे ते दिसणार नाही.

मला ते पुरेसं वाटलं नाही. त्यांच्या फळीवर निळ्या जिलेटीन कागदाची गुंडाळी होती. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रांच्या दिवसांत नाटकवाले तो घेऊन जायचे, रात्रीचा देखावा करायला बत्तीसमोर धरायचे. मी ती गुंडाळीच मागितली. पासिंगला महिना होता. तोवर बघू, म्हटलं. चाचांनी कागद दिला, वाद घातला नाही. मला वाटतं, त्यांनी वाद घातला असता तरी मी ऐकलं नसतं.

घरी धावड्याचा डिंक भिजवला आणि बायकोला हाताशी घेऊन कागद चिकटवला. मागच्या दारांना दुहेरी. पाठीमागच्या लहान खिडकीलाही दुहेरी. पुढच्या काचेला वरून वीतभर पट्टी. गाडी अंगणात उभी केली तर शेजारपाजारचे बघायला आले. बायको तेवढी आत बसून बाहेर आली आणि म्हणाली, "आत बसलं का आभाळ आल्यावानी वाटते." मी हसण्यावारी नेलं. त्या पंधरवड्यात मला एवढ्या खेपा मिळाल्या की गाडीला उसंत नव्हती.

होळी होऊन आठेक दिवस झाले असतील. गडचिरोलीच्या एका तरुण कापडवाल्यानं मला चांद्याला बोलावलं. त्याची बायको बाळंतपणासाठी तिथं होती, तिला आणि दीड महिन्याच्या मुलीला घरी न्यायचं होतं. निघायला दुपार झाली, मूलला चहापाण्यात वेळ गेला, आणि वैनगंगेवर पोचलो तेव्हा सूर्य कलला होता.

तेव्हा नदीवर पूल नव्हता. उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूवर बांबूचे तट्टे अंथरलेले असत, त्यावरून गाडी धारेपर्यंत न्यायची. धारेला दोन डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, एकमेकांना जोडून वर फळ्यांचा पाट केलेला असे. काठावरून पाटावर दोन जाड फळ्या टाकलेल्या. गाडी उलटी चढवावी लागायची, म्हणजे पलीकडे डोंगा वळवून लावला की ती तोंडानं सरळ उतरते. हे मी कितीतरी वेळा केलं होतं. पण मागच्या खिडकीला कागद लावल्यापासून एवढ्या उतरत्या उजेडात कधीच केलं नव्हतं.

कापडवाला खाली उतरला आणि म्हणाला, मी मागं उभा राहून दाखवतो. बायको मुलीला घेऊन आतच राहिली, डाव्या बाजूला. मी गाडी उलटी फिरवली. आता माझं तोंड सूर्याकडे, आणि पाठ नदीकडे. समोरून ऊन डोळ्यांत येत होतं. मागं वळून पाहिलं तर खिडकीत काहीच नाही. धार नाही, डोंगा नाही, माणूस नाही. निळी पाटी टांगल्यासारखी ती खिडकी दिसत होती.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण डोंगेवाले खोळंबले होते, वाळूवर दोन बैलबंड्या रांगेत येऊन लागल्या होत्या, आणि बाकी सगळे माझ्याकडे बघत होते. मी उजव्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. उजवं चाक आणि उजवी फळी दिसत होती. म्हटलं, उजवं बरोबर गेलं की डावं जाणारच.

चाक फळीवर चढलं. फळी करकरली. इंजिनाचा आवाज, मुलीचं रडणं, डोंगेवाल्यांचं "येऊ द्या, येऊ द्या". कापडवाल्याचा आवाजही त्यातच कुठेतरी होता, मग तो ऐकू येईनासा झाला. मला वाटलं सगळं ठीक आहे म्हणून तो गप्प झाला. मी क्लच आणखी थोडा सोडला.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर मागून जोरात थाप बसली.

"गाडी थांबवा भाऊ. मालक पडले, चाकापाशी."

चांद्यापासून तिथपर्यंत ती बाई माझ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. मी दोन्ही पाय दाबले आणि हातब्रेक ओढला. गाडी थांबली, पण उतारावर होती. जरा थांबून ती पुन्हा बोटभर मागं सरकली. ब्रेकवरचा पाय काढता येत नव्हता. मी ओरडून डोंगेवाल्यांना सांगितलं, चाकामागं काहीतरी घाला. एकानं डोंग्याच्या नांगराचा दगडच उचलून आणला. दुसऱ्यानं वल्हं आडवं घातलं. दगड लागल्याचं मला पायाखाली जाणवलं. तरी पाय उचलायला मन होईना. डोंगेवाला खिडकीशी येऊन दोनदा म्हणाला, सोडा आता, तेव्हा मी पाय उचलला.

खाली उतरून डावीकडे गेलो. कापडवाला ओल्या फळीवरून घसरला होता आणि त्याचा पाय फळी आणि काठ यांच्या मधल्या फटीत घोट्यापर्यंत अडकला होता. त्याच्या गुडघ्यात आणि चाकात एक वीत अंतर होतं. तो हाका मारत होता, म्हणे. मला एकही ऐकू आली नव्हती. मी गाडी पुढं घेऊन चाकं फळीवरून उतरवली, मग चौघांनी मिळून फळी उचलली आणि त्याला बाहेर ओढलं. घोटा बघता बघता सुजला.

त्याला वाळूवर बसवलं, पाणी पाजलं. मग त्यानं मला विचारलं, तुम्ही थांबलात कसे? मी म्हटलं, तुमच्या घरच्यांनी सांगितलं. तो गाडीच्या त्या निळ्या दाराकडे बघू लागला. आतलं बाहेरून काही दिसत नव्हतं, मग आतून तरी कसं दिसलं?

मी दार उघडलं तेव्हा कळलं. काचेच्या खालच्या कोपऱ्यात बोराएवढा कागद खरवडलेला होता. दोन्ही थर. बाईनं बुरख्यातूनच हात पुढं करून तो कोपरा झाकला, मग हात काढून घेतला. नवऱ्यानं लंगडत येऊन ते पाहिलं. मला भीती वाटली की आता तो तिला काही बोलेल. त्यानं फक्त विचारलं, हे कधी केलंस?

"रस्त्यात," ती हळूच म्हणाली. "पळस फुलला होता. या कागदातून काळा दिसत होता. मले लाल पाहायचा होता."

त्यानं वाकून त्या भोकातून बाहेर पाहिलं. मी खिशातला चाकू काढला आणि नदीच्या काठी उभा राहूनच पाठीमागच्या खिडकीचा कागद फाडून काढला. डिंकाचे चट्टे राहिले, पण त्यातून डोंगा दिसला. मग गाडी पुन्हा चढवली. या वेळी एका डोंगेवाल्याला डाव्या बाजूनं, चाकापासून लांब उभं केलं, आणि दर हातभर सरकून थांबलो. पार पोचेपर्यंत मुलगी झोपून गेली होती.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, उठून चुलीवर पाणी ठेवलं, आणि आम्ही दोघांनी बसून गरम पाण्याच्या फडक्यानं आणि चिंचेनं उरलेला कागद काढला. दारांचा सुद्धा, पुढच्या पट्टीचा सुद्धा. धावड्याचा डिंक असा चिवट की बोटं सोलून निघाली.

दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेलो. पासिंग चार दिवसांवर आलं होतं. घडलेलं सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की माणूस वाचला ना, मग बैस. काचा दाखवायला मात्र ते तयार होईनात. "दोपहरले रंग पसंत नाई करायचा," ते म्हणाले. "उजाला जाते तेव्हा पाहा लागते." मी दिवसभर त्यांच्या दुकानात बसून राहिलो. दिवे लागायच्या वेळी त्यांनी तीन काचा काढल्या, एक निळी, एक मधासारखी पिवळी, एक हिरवी. एकेक दारात उभी धरून मला रस्त्यापलीकडे पाठवलं, मग मला आत बोलावून स्वतः पलीकडे गेले. निळीतून त्यांची टोपीच दिसेना. पिवळीतून ते दिसले, पण अंगावरचा सदरा कुठल्या रंगाचा ते कळेना. हिरवी फार फिकी होती, मुगाचं पाणी असतं तेवढी. तिच्यातून ते हात वर करून उभे असलेले नीट दिसले. आणि बाहेरून बघितलं तेव्हा आत बसलेल्या चाचांची नुसती आकृती होती.

मी हिरवी घेतली. फक्त मागच्या दोन दारांना. आतल्या बाजूनं बारीक सळईवर पातळ पडदे लावले, ज्यांना हवे त्यांनी ओढावे. आणि बाहेर डावीकडे एक आरसा बसवला, तोही चाचांनीच कापून दिला.

पासिंगचा साहेब खरंच कडक निघाला. माझ्या पुढच्या दोन गाड्या त्यानं परत पाठवल्या होत्या. माझ्या हिरव्या काचांपाशी येऊन तो थांबला. तो स्वतः ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि शिपायाला गाडीभोवती फिरायला सांगितलं. शिपाई प्रत्येक कोपऱ्यावर थांबून बोटं वर करायचा, साहेब ती मोजायचा. पडदे ओढून पाहिले, उघडून पाहिले. मग पाठीमागच्या खिडकीवर नख घासलं. एका कडेला डिंकाची रेघ राहिली होती.

"इथं काय लावलं होतं?"

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण वाळूवर बसलेला तो कापडवाला डोळ्यांपुढं होता. मी सगळं सांगितलं, कागद, घाट, फळी, थाप. साहेब मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं, गेलं परमिट. त्यानं कागद पुढं ओढला आणि विचारलं, तो माणूस चालतो का? मी म्हटलं, लंगडतो, पण चालतो. त्यानं माझ्याकडून लिहून घेतलं की मागच्या आणि पुढच्या काचेला पुन्हा काही लावणार नाही, आणि सही केली.

ज्या व्यापाऱ्यानं काळ्या काचा मागितल्या होत्या, तो त्यानंतर माझ्या गाडीत बसला नाही. त्याच्यामागं आणखी दोन घरं गेली. ते महिने ओढगस्तीचे गेले. कापडवाल्यानं मात्र मलाच बोलावणं चालू ठेवलं. त्याची बायको पडदा ओढायची कधी, कधी नाही. तो तिला काही म्हणत नसे, आणि मीही आरशातून फक्त रस्ता बघत असे.