शेजार

भूकंपानंतर नव्या वसाहतीतल्या घरवाटपाचं काम माझ्याकडे होतं. घरं चिठ्ठ्या टाकून मिळतील, अदलाबदल होणार नाही, हा नियम मीच मांडवात वाचून दाखवला होता. गयाबाईंनी आपली चिठ्ठी वाचून घेतली आणि त्या मटकन खाली बसल्या.

"काय झालं, मावशी? घर मिळालं की."

"मिळालं, साहेब. पण शेजारची शेवंता पार दुसऱ्या टोकाला गेली. ढिगाऱ्याखाली मी कण्हत होते, ते तिनंच ऐकलं. आता हाक मारली तर कोण ऐकंल?"

मागून एक माणूस ओरडला, "एकीसाठी नियम मोडला, तर आम्हीबी मागू!" रांग पुढे रेटली गेली. मी हातातला नकाशा उघडला. त्यावर सरळ ओळींत सारखी घरं होती. कोण कुणाच्या भरवशावर झोपतं, हे मात्र मी कुणालाच विचारलं नव्हतं.

"वाटप थांबवा," मी म्हणालो. "आधी प्रत्येकानं सांगायचं, शेजारी कोण हवं."

मघाशी ओरडलेला तो माणूसच पुढे आला. खालमानेनं म्हणाला, "माझ्या शेजारचं कुणी उरलं नाही, साहेब. मला कुठंबी द्या."